शक्तितस्तप म्हणजे किती? हाडांना विचारा



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या मंदिराच्या ओसरीवर एकच विषय असतो. यंदा कोण दहा उपवास करणार, कोण एकभुक्त करणार, कुणी चातुर्मासासाठी दूध सोडलं, कुणी तूप सोडलं. मलाही हे ऐकायला आवडतं. पण या वर्षी त्या गप्पांमध्ये मी एक आगाऊ प्रश्न विचारला. "ज्यांची पाळी बंद होऊन दहा-पंधरा वर्षं झालीत, त्यांच्यापैकी कितीजणींनी हाडांची घनता तपासून घेतली आहे?" आम्ही चौदाजणी होतो. दोन हात वर आले, त्यातला एक माझाच. एक वहिनी हसत म्हणाल्या, "आता या वयात हाडं मोजून काय करायचंय? शरीर काय, जाणारच आहे."

या वाक्याला उत्तर द्यावं म्हणून आजचा लेख.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास, दशलक्षणात एकभुक्त आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही, हे त्यांनी लग्नाआधीपासून पाळलेलं. त्या एकसष्ट वर्षांच्या असताना अंगणात पाय घसरला म्हणून त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडलं. पडणं अगदी साधं होतं. लहान मूल तसं पडलं असतं तर कपडे झटकून पळालं असतं. आम्ही प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं आणि विसरून गेलो. एवढ्याशा पडण्यानं हाड का मोडलं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या पाठीला बाक आला. स्वयंपाकघरातल्या ज्या फळीवरून त्या सहज डबे काढायच्या, तिथं त्यांचा हात पोचेना. आम्ही फळी खाली घेतली. "वय झालं" एवढंच म्हणालो. पाठीचे मणके आतल्या आत दबत जातात, त्यानं उंची कमी होते आणि बाक येतो, हे मला फार उशिरा कळलं. मनगट ही पहिली सूचना होती, फळी ही दुसरी. दोन्ही सूचना आमच्या डोळ्यांसमोर होत्या.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी चौकातल्या ओल्या फरशीवर त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. पैशांचं सांगत नाही, ते कुठून तरी उभे राहतात. अव्वा मात्र पुन्हा आधाराशिवाय उभ्या राहिल्या नाहीत. सामायिकाला मांडी घालून बसता येईना. मुनिमहाराज गावात आले तेव्हा दारात उभं राहून पडगाहन करता आलं नाही, आतल्या खोलीतून त्या नुसत्या ऐकत होत्या. वेदनेची गोळी रात्री घ्यावी लागली, त्या दिवशी साठ वर्षांचा नियम मोडला. हाड मोडल्यावर त्या रडल्या नव्हत्या. त्या रात्री रडल्या. अकरा महिन्यांनी त्या गेल्या.

म्हणून "शरीर जाणारच आहे" असं कुणी म्हणालं की मला ती रात्र आठवते. शरीर जाणारच आहे, मान्य. पण जाण्याआधी नियम जातात, दर्शन जातं, आहारदान जातं. हा त्याग आपण केलेला नसतो, तो आपल्या हातून काढून घेतलेला असतो. निष्काळजीपणानं अंथरुणाला खिळणं याला वैराग्य म्हणता येणार नाही.

आपल्या धर्माला हाडांचं वावडं आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी कर्मसिद्धांत आठवावा. नामकर्माच्या प्रकृतींमध्ये संहनन आहे. संहनन म्हणजे हाडांची रचना आणि तिचा बळकटपणा. वज्रऋषभनाराचपासून असंप्राप्तासृपाटिकापर्यंत सहा प्रकार आपण पाठशाळेत घोकले आहेत. पंचम काळातल्या जिवांचं संहनन हीन असतं, म्हणून चौथ्या काळातल्या मुनींसारखं तप आपल्याला झेपणारं नाही, हेही प्रवचनात ऐकलं आहे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत स्थितिभोजन आहे, म्हणजे आहार उभं राहूनच घ्यायचा. ज्या धर्मात उभं राहण्याच्या शक्तीला इतकी किंमत आहे, त्या धर्मातल्या बायकांनी आपली हाडं किती भार पेलतील हे माहीत करून घेऊ नये?

सोळाकारण भावनांमध्ये दोन भावना आहेत, शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप. त्याग आणि तप, पण शक्तीप्रमाणे. शक्ती लपवायची नाही आणि शक्तीच्या बाहेरही जायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शक्ती किती आहे हे न बघता शक्तीप्रमाणे तप कसं करणार? मी वाणिज्य शाखेची पदवीधर. खात्यात शिल्लक किती हे न बघता धनादेश फाडायचा नसतो, एवढं तिथं पक्कं शिकले.

हाडांचं खातं असं चालतं. साधारण तिशीपर्यंत त्यात जमा होते. पुढं काही वर्षं शिल्लक जवळजवळ तेवढीच राहते. पाळी बंद झाली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज वेगानं होते. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य बायकांची एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे आपला घसारा त्यांच्याआधी सुरू होतो. ज्यांचं गर्भाशय आणि अंडाशयं चाळिशीतच काढली, त्यांचा त्याहून आधी. हे सगळं न दुखता होतं. हाड मोडेपर्यंत काहीच कळत नाही, म्हणून तपासणीला महत्त्व.

या तपासणीला डेक्सा म्हणतात. मिरज, सांगली, कोल्हापूर, तिन्ही ठिकाणी ती होते. मी मिरजेत केली, अडीच हजार रुपये लागले. टेबलावर सपाट पडून राहायचं, वरून एक यंत्र सावकाश सरकत जातं, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. सुई नाही, औषध नाही, पोटात काही घ्यायचं नाही. म्हणजे उपवासाच्या दिवशीसुद्धा करता येते. क्ष-किरण वापरतात, पण छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही ते कमी असतात. धातूचे हूक, साखळी वगैरे काढून ठेवायचं आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर आदल्या दिवसापासून थांबवायची, एवढीच तयारी.

अहवालात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. तो बघून अनेकजणी घाबरतात, म्हणून सोपं करून सांगते. बी.कॉम.ला संख्याशास्त्रात आम्हाला प्रमाण विचलन होतं. परीक्षा संपली की ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, पडलं ते चाळीस वर्षांनी. तरुण निरोगी स्त्रियांच्या हाडांच्या सरासरी घनतेपासून आपण किती प्रमाण विचलन खाली आहोत, तो आकडा म्हणजे टी-स्कोअर. उणे 1 किंवा त्याच्या वर असेल तर ठीक. उणे 1 आणि उणे 2.5 यांच्या मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागली आहेत. उणे 2.5 किंवा त्याच्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थिविरलता. जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 साली ही रेघ आखली.

माझ्या कंबरेच्या मणक्यांचा आकडा उणे 1.9 आला आणि खुब्याचा उणे 2.6. मी म्हटलं, सरासरी काढा की. डॉक्टर हसले. म्हणाले, "काकू, इथं सरासरी चालत नाही, सगळ्यात कमी असेल तो आकडा धरायचा. साठीनंतर मणक्यांना संधिवाताची वाढ होते, त्यामुळे तिथला आकडा खऱ्याहून चांगला दिसतो." मला काही दुखत नव्हतं. मी रोज मंदिराच्या पायऱ्या चढत होते. तरीही उणे 2.6.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या महिला मंडळात मोफत शिबिर होतं, तिथं टाच एका छोट्या यंत्रात ठेवून आकडा देतात, ती डेक्सा नव्हे. ती टाचेची ध्वनिलहरींची चाचणी. त्यावरून अंदाज येतो, निदान होत नाही. मागं आमच्याकडे असं शिबिर झालं. चिठ्ठीवर लाल शेरा आला म्हणून दोघींनी तिथल्याच टेबलावरून हजारो रुपयांची पावडर घेतली. तिसरीचा आकडा छान आला म्हणून ती निर्धास्त झाली आणि वर्षभरात तिचं मनगट मोडलं. शिबिराला माझा विरोध नाही, पण त्या चिठ्ठीवर औषध घेऊ नका आणि त्या चिठ्ठीवर निश्चिंतही राहू नका.

मग डेक्सा कुणी करावी? सरसकट सगळ्यांनी दरवर्षी करावी असं मी म्हणत नाही, तो पैशांचा अपव्यय आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाची शिफारस 65 आणि त्यापुढच्या सर्व स्त्रियांसाठी आहे, आणि पाळी बंद झालेल्या पण पासष्टच्या आतल्या बायकांपैकी ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी. आपली पाळी लवकर जाते हे लक्षात घेऊन मी म्हणेन, पन्नाशीनंतर डॉक्टरांशी हा विषय आपण होऊन काढा. आणि खालच्यापैकी काही असेल तर पासष्टची वाट बघू नका. साध्या पडण्यानं हाड मोडलं आहे. आईचं किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पाळी पंचेचाळीसच्या आत गेली किंवा अंडाशयं काढली. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. अंगानं फार बारीक आहात. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाला आहात. उंची मोजायला डॉक्टर लागत नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहा, सुनेला पेन्सिलीनं खूण करायला सांगा. फळी दूर गेल्यासारखी वाटत असेल, तर फळी हललेली नाही.

आता आपल्या घराघरातला खरा अडसर. "औषध घ्यायचं म्हणजे जीवहिंसा आली." या शंकेची मी चेष्टा करणार नाही, कारण ती खरी आहे. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढतात. आपली हाडं राखायला दुसऱ्या जिवाची हाडं गिळायची, हे माझ्या घशाखाली कधीच उतरणार नाही. काही कॅल्शियमच्या गोळ्या शिंपल्यांच्या भुकटीच्या असतात. सांध्यांसाठी म्हणून विकली जाणारी कोलॅजेनची पावडर मासे किंवा जनावरांपासून येते. ड जीवनसत्त्वाचा डी-3 हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, काही वेळा माशाच्या तेलापासून. आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका औषधांवर सक्तीचा नाही, म्हणून नुसतं पाकीट बघून कळत नाही.

पण यावर उपाय आहेत. कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागा. कॅल्शियम खनिजापासून मिळतं, शिंपल्याचं नको म्हणून सांगा. डी-3 दगडफुलासारख्या शैवाकापासूनही मिळतं, थोडं महाग पडतं. लोकरीचं चालेल का, हे ज्यानं त्यानं आपल्या नियमाप्रमाणे ठरवावं. लोकर कातरताना मेंढी मारत नाहीत असं मानणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत, तेही नको म्हणणाऱ्याही आहेत. मी औषधाच्या दुकानात दहा मिनिटं उभी राहून विचारते. दुकानदार आधी कंटाळायचा, आता मी दिसले की स्वतःच म्हणतो, "काकू, हे जिलेटिनचं नाही." पण "काय असेल कोण जाणे" म्हणून सगळंच नाकारायचं आणि तपासणीही टाळायची, ही अहिंसा नव्हे. हा आळस आहे.

मला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. ती सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि दुसरं काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो. आधी मला प्रश्न पडला, दर्शनाआधी मी तोंडात काही घालत नाही, मग कसं जमायचं? जमलं ते अगदी सोपं. सूर्योदयानंतर दर्शन करून येते, गाळून उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घेते आणि अर्धा तास ताठ बसून जाप करते. डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास आणि माझ्या मण्यांच्या माळा बरोबर जुळतात. ही गोळी सगळ्यांना चालतेच असं नाही. मूत्रपिंडाची तक्रार असेल, दात काढायचा असेल तर आधी सांगावं लागतं. किती वर्षं घ्यायची तेही डॉक्टरच ठरवतात.

गोळीच्या आधी ताट येतं. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं पाळी गेलेल्या बायकांसाठी रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. गायीच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 120 मिलिग्रॅम असतं, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. सालासकट तिळात त्याहून कितीतरी जास्त. दिवसभरात दोन पेले दूध, एक नाचणीची भाकरी, चमचाभर तिळाची चटणी आणि नेहमीचं जेवण असेल तर बराचसा हिशेब जुळतो. नाचणीची ताकातली आंबील आपल्याला चालते, नाचणी धान्य आहे, द्विदलाचा दोष लागत नाही. पण एकभुक्त असेल तर अडचण अशी की शरीर एका वेळी साधारण 500 मिलिग्रॅमच नीट शोषतं. सगळं एका ताटात वाढलं तरी बरंचसं वाया जातं. म्हणून वर्षानुवर्षं एकभुक्त करणाऱ्या बायकांनी तर तपासणी नक्कीच करावी.

रसपरित्यागाबद्दलही एक सुचवते. चातुर्मासात रस सोडायचा म्हटलं की आपण पटकन दूध-दही सोडतो. मीठ किंवा साखर सोडली तर? जास्त मिठानं लघवीवाटे कॅल्शियम जातं, ते वाचेल, आणि जिभेची परीक्षाही जास्त होईल. मी दोन वर्षं दूध ठेवलं आहे आणि ठरावीक दिवशी मीठ सोडते. आर्यिका माताजींना विचारूनच केलं. त्या म्हणाल्या, त्याग रसाचा असतो, विवेकाचा नसतो.

उन्हाबद्दल एक गैरसमज. कोवळ्या उन्हात मंदिरात जाऊन येतो, तेवढं ड जीवनसत्त्व पुरे, असं मीही समजत होते. ते तयार होतं दुपारच्या आधीच्या आणि नंतरच्या चढ्या उन्हात, तेही हात उघडे असतील तर. वाळवणं घालायला गच्चीवर जायच्या आपल्या आज्यांना ते आपोआप मिळायचं. आणि चालणं, पायऱ्या चढणं सोडू नका. कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावर वर्षातून चारदा तरी पायी जा. वर गेल्यावर पाय दुखले पाहिजेत. हाडाला भार मिळाला की ते टिकतं. घरातली ओली फरशी, मोरीचा निसरडा दगड आणि रात्री अंधारात उठण्याची सवय, एवढं मात्र आजच बदला.

उपवासानं हाडं मोडतात, असं मी म्हणत नाही. अव्वांच्या तपाकडे मी आजही हात जोडूनच बघते. माझी तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल आहे. दहा उपवास करणारीची आपण वाजतगाजत मिरवणूक काढतो, पारण्याला साड्या देतो. पण "ताई, तुझं मनगट गेल्या वर्षी का मोडलं गं?" असं तिला कुणी विचारत नाही. घरातल्या पुरुषांची साखर, रक्तदाब, हृदयाची पट्टी, सगळं वेळच्या वेळी होतं. फाईल आपणच सांभाळतो. त्या फाईलींमध्ये आपल्या नावाची फाईल असते का?

महिला मंडळाला माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वर्षी प्रभावनेत डबे-पेले वाटण्याऐवजी मंडळातल्या पासष्टीपुढच्या आणि एकदा हाड मोडलेल्या बायकांची यादी करा. ज्यांना परवडत नाही त्यांच्या डेक्साचा खर्च त्या निधीतून द्या. सुनांना, मुलींना बरोबर न्या, अहवाल त्यांच्यादेखत वाचून घ्या. पुन्हा तपासणी साधारण दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

माझा दुसरा अहवाल या महिन्यात आला. खुबा उणे 2.4. फार काही नाही, पण घसरण थांबली आहे. परवा मुनिमहाराज आमच्या दारी आले. कलश हातात धरून मी उभी होते, विधी पूर्ण होईपर्यंत उभी होते. आतल्या खोलीत अव्वांची खाट होती तिथं आता मी धान्याचं पिंप ठेवलं आहे. पडगाहन करताना माझं लक्ष दोनदा तिकडं गेलं.